ध्वनी-शंका : लेहऱ्यासाठी कोणतं ध्वनी-इंजिन निवडावं?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी मिरजेत तबला शिकवतो. भाचा संगणक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. पायथन त्याला चांगलं येतं, जावा थोडंफार. आम्हाला क्लाससाठी स्वतःचं लेहऱ्याचं, म्हणजे तबल्याला साथ म्हणून पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या धुनेचं, सॉफ्टवेअर करायचं आहे. मागे तानपुरा, पुढे पेटीचा लेहरा, वाजत असतानाच लय कमी-जास्त करता यावी आणि पडद्यावर मात्रा दिसाव्यात. मुलांकडे साधे अँड्रॉइड फोन आहेत. तयार अ‍ॅप वापरून पाहिली, पण मी शिकवतो ते काही ताल आणि लेहरे त्यांत नाहीत. भाचा म्हणतो, सुपरकोलायडरचा आवाज सगळ्यांत चांगला. त्याचा मित्र म्हणतो, ज्यूस घ्या, त्यात लेटन्सी, म्हणजे आवाज बाहेर पडायला लागणारा उशीर, शून्य असते. कुणाचं ऐकावं? पुढेमागे फोनवर टिचकी मारून बोल वाजवण्याची सोयही करायची आहे. — एक तबलाशिक्षक, मिरज

उत्तर : सर, दोन्ही मुलांना माझ्याकडून एवढं सांगा की चांगला आवाज आणि शून्य लेटन्सी या दोन्ही गोष्टी इंजिन निवडायच्या कसोट्या म्हणून उपयोगाच्या नाहीत. सुपरकोलायडर घ्या, सीसाउंड घ्या, प्युअर डेटा घ्या. आत सगळीकडे दशांश आकड्यांच्या बेरजा-गुणाकारच चालतात. तुमच्या पेटीचा आवाज चांगला येईल तो चांगल्या मायक्रोफोननं, शांत खोलीत नीट रेकॉर्ड केल्यामुळे. आणि शून्य लेटन्सी कुठेच नसते. ध्वनी हवेतून एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे गायकापासून दीड मीटरवर बसलेल्या तबलजीलाही त्याचा आवाज चार-साडेचार मिलिसेकंद उशिराच ऐकू येतो, आणि त्यावाचून कुणाचं काही अडलेलं नाही.

मी निवड करते ती वेगळ्या प्रश्नापासून : या सॉफ्टवेअरमध्ये वेळेवर काय व्हायलाच हवं, आणि ती वेळ कोण सांभाळणार?

यंत्रात काय चालतं ते थोडक्यात सांगते. फोनमधलं ध्वनीचं हार्डवेअर दर सेकंदाला ठरावीक संख्येनं आकडे मागतं, हल्ली बहुतेक ४८,०००. या आकड्यांना सॅम्पल म्हणतात. ते एकेक करून न मागता गठ्ठ्यानं मागितले जातात. २५६ सॅम्पलचा गठ्ठा असेल तर तो ५.३ मिलिसेकंदांत संपतो, आणि त्याच्या आत पुढचा तयार हवा. पंगतीत ताट रिकामं व्हायच्या आत वाढप्यानं यायला हवं, तसं. तो एकदा जरी उशिरा आला तरी स्पीकरमधून ‘टक्’ असा आवाज येतो. सरासरीनं किती लवकर आला, याला इथे किंमत नाही. सगळ्यांत वाईट वेळी किती उशीर झाला, एवढंच मोजलं जातं.

म्हणून हा गठ्ठा भरणाऱ्या कोडला कडक पथ्य असतं. त्यानं मेमरी मागायची नाही, फाइल उघडायची नाही, दुसऱ्या थ्रेडनं, म्हणजे त्याच वेळी चालू असलेल्या दुसऱ्या कामानं, कुलूप सोडण्याची वाट पाहायची नाही, पडद्यावर एखादी ओळ छापायचीसुद्धा नाही. यातलं प्रत्येक काम एरवी क्षणात होतं, पण कधीतरी त्याला २० मिलिसेकंद लागतात, आणि ते नेमके रियाजाच्या मध्यात लागतात. भाच्याचं पायथन इथेच मागे पडतं. पायथन किंवा जावा मेमरी आवरायला मध्येच थांबतात. ते कधी थांबतील यावर आपला ताबा नसतो. ‘इंजिन’ घ्यायचं ते यासाठी. गठ्ठा भरणारा हा गाभा सी किंवा सी++ मध्ये आधीच कुणीतरी काळजीपूर्वक लिहून ठेवलेला असतो आणि आपण त्याला बाहेरून सूचना देत राहतो.

आता तुमच्याच कामाकडे पाहू. लेहरा वाजतो आणि विद्यार्थी त्यावर खराखुरा तबला वाजवतो. सॉफ्टवेअर त्याचं काहीच ऐकत नाही. मग सगळा लेहरा ५० मिलिसेकंद उशिरा बाहेर पडला तरी कुणाला कळणार? तबल्याचा बोल आणि लेहऱ्याचा सूर मुलाच्या कानात एकत्र येतात. फोनच्या आत काय कधी निघालं, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. तुम्हाला कमी लेटन्सीची गरजच नाही. तुम्हाला गरज आहे मात्रा जागच्या जागी पडण्याची आणि आवाज न तुटण्याची. त्यासाठी गठ्ठा खुशाल मोठा ठेवा. अँड्रॉइड ८ पासून आलेल्या एऑडिओ या व्यवस्थेत कमी लेटन्सीचा एक प्रकार आहे आणि बॅटरी वाचवणारा एक. तुम्ही बॅटरी वाचवणारा घ्या. तासाभराच्या रियाजात जुना फोन तापणार नाही.

मात्र गठ्ठा मोठा केला की एक धोका वाढतो आणि इंजिनांमधला खरा फरक तिथे दिसतो. समजा, नवा सूर फक्त गठ्ठ्याच्या सुरुवातीलाच लागू शकतो आणि गठ्ठा १०२४ सॅम्पलचा आहे. मग प्रत्येक सूर २१ मिलिसेकंदांपर्यंत पुढे-मागे होईल. मिनिटाला १६० मात्रांच्या लयीत चौगुनीतला (मात्रेला चार बोल) एक बोल ९४ मिलिसेकंदांचा असतो. त्याच्या पाचव्या हिश्शाहून जास्त हेलकावे घेणारा लेहरा तुमच्या कानाला पहिल्या आवर्तनातच खटकेल. विद्यार्थ्याला खटकणार नाही, आणि हेच जास्त वाईट. तो त्या डळमळीत लेहऱ्यावर हात बसवेल. म्हणून इंजिनाला विचारायचा पहिला प्रश्न हा : गठ्ठ्याच्या मध्ये, अमुक एका सॅम्पलवर, सूर सुरू करता येतो का?

प्रत्येकानं याचं उत्तर आपापल्या परीनं दिलं आहे. सुपरकोलायडर जेम्स मॅकार्टनी यांनी १९९६ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध केलं. आजच्या रूपात त्याचे दोन भाग आहेत : आवाज तयार करणारा सर्व्हर वेगळा आणि त्याला हुकूम देणारी भाषा वेगळी. भाषा आपले निरोप साधारण ०.२ सेकंद आधी पाठवते, प्रत्येकावर ‘हे अमुक वेळी वाजव’ असा शिक्का मारून. भाषा मध्ये थोडी रेंगाळली तरी सर्व्हर आपल्या वेळेला चुकत नाही. मला ही रचना फार आवडते. सोनिक पाय हे शाळांमध्ये वापरलं जाणारं सॉफ्टवेअर याच सर्व्हरवर उभं आहे. सर्व्हर ६४ सॅम्पलचे तुकडे करून काम करतो, म्हणजे १.३ मिलिसेकंद, आणि त्याच्या आत नेमकं जायचं तर तीही सोय आहे.

चक हे इंजिन गे वांग आणि पेरी कुक यांनी प्रिन्स्टनमध्ये केलं, २००३ च्या सुमारास. त्यात वेळ ही भाषेतलीच गोष्ट आहे. तुम्ही ती पुढे नेल्याखेरीज सरकत नाही, आणि नेली की नेमक्या त्या सॅम्पलपर्यंतच सरकते. अभ्यासाला सुंदर, पण एकेक सॅम्पल मोजत चालत असल्यामुळे प्रोसेसरवर भार जास्त. साध्या फोनसाठी मी घेणार नाही.

प्युअर डेटा मिलर पकेट यांचं, तेही १९९६ चं. यात कोड टाइप करायचा नसतो. चौकटी मांडून रेघांनी जोडायच्या. तेही ६४ सॅम्पलच्या तुकड्यांत चालतं, पण आतलं घड्याळ त्याहून बारीक आहे आणि ‘व्हीलाइन’ नावाची चौकट वापरली की सूर तुकड्याच्या मध्येही बरोबर जागी सुरू होतो. याचाच गाभा काढून २०१० मध्ये लिबपीडी तयार झालं. ते दुसऱ्या अ‍ॅपच्या पोटात बसवता येतं.

तुम्ही लिबपीडी घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. पहिलं कारण लायसनचं. प्युअर डेटाचं लायसन मोकळं आहे. अ‍ॅप फुकट वाटा किंवा विका, स्वतःचा कोड उघड करण्याची सक्ती नाही. सुपरकोलायडर जीपीएल या खुल्या कोडच्या लायसनखाली आहे. स्वतःच्या लॅपटॉपवर वापरायला काहीच आडकाठी नाही, पण ते पोटात घालून अ‍ॅप वाटलं की संपूर्ण कोड त्याच अटींवर खुला करावा लागतो. तुमची तयारी असेल तर उत्तमच, पण निर्णय आधी घ्या. ज्यूस हे पक्कं काम करणारं सी++ चं साहित्य आहे. स्टुडिओच्या सॉफ्टवेअरमध्ये बसणारे प्लगइन करणाऱ्याला मी तेच सुचवेन. पण त्याची मोकळी आवृत्तीही खुल्या कोडच्या अटीवर मिळते, नाहीतर व्यावसायिक लायसन. शिवाय लेहरा वाजवायचं डोकं तुम्हाला त्यात मुळापासून लिहावं लागेल.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. प्युअर डेटाची मांडणी लॅपटॉपवर उघडून तुम्ही स्वतः पाहू शकता. नवा ताल घालायचा, एखाद्या लेहऱ्यात समेआधी थोडी जागा ठेवायची, हे तुमचं तुम्हाला करता येईल. भाचा उद्या नोकरीला बंगळुरूला गेला तरी क्लासचं सॉफ्टवेअर अडून बसणार नाही. तीच फाइल फोनवर गेली की तशीच वाजते.

ब्राउझरचा मार्गही वाईट नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर दुवा पाठवला की झालं, काही बसवायला नको. वेब ऑडिओ १२८ सॅम्पलच्या तुकड्यांत चालतं आणि सूर कधी सुरू करायचा ते त्याला आधी नेमकं सांगता येतं. अडचण एवढीच की फोनचा पडदा बंद झाला किंवा फोन आला की पान झोपू शकतं. तबला वाजवणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात. तो दर मिनिटाला पडद्याला बोट लावत बसणार नाही. अ‍ॅपमध्ये अँड्रॉइडची फोरग्राउंड सेवा वापरून पडदा बंद असतानाही लेहरा चालू ठेवता येतो.

आता लयीबद्दल, कारण तुमच्या सॉफ्टवेअरचा जीव तिथे आहे. भाच्याला सांगा, जागा सेकंदांत मोजू नकोस, मात्रांत मोज. ‘आपण आता ७.३५ व्या मात्रेवर आहोत’ हा एकच आकडा सतत पुढे सरकत राहायला हवा आणि लय म्हणजे त्याचा सरकण्याचा वेग. विलंबित एकतालात मिनिटाला १२ मात्रा असतील तर एक मात्रा पाच सेकंदांची. पुढचा सूर ‘पाच सेकंदांनी’ असा आधीच ठरवून ठेवला आणि मध्येच तुम्ही लय वाढवली, तर त्या सुरापर्यंत काहीच बदलणार नाही, मग एकदम धक्का बसेल. मात्रांत मोजलं तर हात फिरवाल तशी लय त्याच क्षणी वाढते, एखादा पेटीवाला तुमच्याकडे बघून वाढवतो तशी.

आणि अपूर्णांक टाकून द्यायचे नाहीत. ७० च्या लयीत एक मात्रा ४१,१४२.८५७ सॅम्पलची होते. शेवटचा तुकडा दर वेळी सोडला तर तासाभरात लेहरा ७५ मिलिसेकंद पुढे निघून जातो. एकट्या फोनवर कळणार नाही. पण दोन मुलांनी दोन फोनवर एकच लेहरा लावला आणि एकावर जुन्या आवृत्तीचं अ‍ॅप असलं, की कळेल.

पेटीचा लेहरा आख्खा रेकॉर्ड करून ताणायचा मोह टाळा. ताणलेल्या आवाजात सुराची सुरुवात पुसट होते, आणि तबलजी सुराच्या सुरुवातीवरच झुकलेला असतो. एकेक सूर वेगळा रेकॉर्ड करा, मधला भाग पुन्हा पुन्हा फिरवून लांबवा. पेटीला हे शोभतं. सारंगीला शोभत नाही, तिची मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, सुटे सूर जोडून येत नाही. सारंगीचा लेहरा हवाच असेल तर जवळजवळच्या अनेक लयींत खरा वाजवून घ्या.

तानपुऱ्यासाठी मात्र मी रेकॉर्डिंगऐवजी आवाज घडवायला सांगेन, कारण काळी एकपासून काळी पाचपर्यंतच्या पट्ट्यांसाठी तोच नमुना खेचला की भोपळा लहान-मोठा झाल्यासारखा ऐकू येतो. १९८३ मध्ये केविन कार्प्लस आणि अ‍ॅलेक्स स्ट्राँग यांनी तारेचा आवाज घडवण्याची साधी युक्ती प्रसिद्ध केली : थोडा गोंगाट एका विलंबात फिरवत ठेवायचा आणि प्रत्येक फेरीत थोडा मऊ करायचा. प्युअर डेटात हा फेरा ६४ सॅम्पलहून लहान होत नाही, म्हणजे ७५० हर्ट्झच्या वरचा सूर सरळ मार्गानं मिळत नाही. तुम्हाला फरक पडत नाही. काळी एकच्या तानपुऱ्यात जोडीच्या तारा १३९ हर्ट्झच्या आसपास, पंचम १०४ आणि खर्ज ६९. जोडीतल्या दोन तारा अगदी सारख्या ठेवू नका; पाव ते तीन दशांश हर्ट्झचा फरक ठेवला की आवाज श्वास घेऊ लागतो.

जवारी, म्हणजे तानपुऱ्याचा तो गुंजणारा झंकार, हे या सगळ्यातलं कठीण काम. रुंद घोडीवर टेकणारी तार आणि तिच्याखालचं सूत यांमुळे वरचे स्वर एकामागून एक उमलतात; ते साध्या कार्प्लस-स्ट्राँगमध्ये येत नाही. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्येच लिहून ठेवलं होतं की तंबोरा आणि वीणा यांची घोडी युरोपीय तारेच्या नियमांत बसत नाही. फेऱ्याची लांबी आवाजाच्या जोरानुसार किंचित बदलत ठेवली तर जवळपास जाता येतं. आणि सर, तुम्ही तर मिरजेत आहात. तिथल्या तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. जवारी लावणाऱ्या कारागिराकडे परवानगी घेऊन बसा, तो सूत केसभर पुढे-मागे सरकवत असताना एकाच तारेचं रेकॉर्डिंग करा. आपला घडवलेला आवाज कुठे कमी पडतो ते त्याच्याशी ताडून पाहता येईल. असा नमुना इंटरनेटवर शोधून मिळणार नाही.

मात्रा दाखवणाऱ्या दिव्यांचं एक राहिलं. आवाज बाहेर पडायला जो उशीर होतो तेवढाच उशीर दिव्यालाही द्या. ब्लूटूथ स्पीकर जोडला की शंभर-दीडशे मिलिसेकंद सहज जातात आणि समेचा दिवा सम यायच्या आधीच लागतो. एऑडिओला ‘कोणतं सॅम्पल कधी बाहेर पडलं’ असं विचारता येतं. तो आकडा घेऊन दिवा लावा. माझ्या टेबलावर एक जुना, स्वस्त अँड्रॉइड फोन कायम असतो आणि कुठलीही गोष्ट मी आधी त्यावर पाहते. भाच्यालाही तसा एक घेऊन द्या, शक्यतो मुलांकडे जो जास्त दिसतो तोच.

टिचकी मारून बोल वाजवायचे असतील तेव्हा मात्र हे सगळं उलटतं. तिथे बोट आणि आवाज यांच्यातलं अंतर दहा-बारा मिलिसेकंदांच्या आत हवं. गूगलची ओबो ही लायब्ररी वापरून कमी लेटन्सीचा प्रकार घ्यावा लागेल, आणि ब्लूटूथ बंदच. लिबपीडी तेच राहील, कारण ते स्वतः ध्वनी बाहेर पाठवत नाही. ओबो मागेल तितके तुकडे ते भरून देतं. पण हे दोन वेगळे पडदे ठेवा. एकाची गरज दुसऱ्यावर लादू नका.

प्रश्न : मी म्हापशाचा. हौशी मराठी नाटकांना पार्श्वसंगीत देतो. पायथनमध्ये स्वतःचा छोटा प्रोग्रॅम लिहिला आहे : कळ दाबली की ढगांचा गडगडाट, देवळाची घंटा वगैरे. प्रयोगात मध्येच आवाज तुटतो. बफर ६४ ठेवला आहे. नवा महाग लॅपटॉप घ्यावा का? — एक वाचक, म्हापसा

उत्तर : घेऊ नका. आधी बफर, म्हणजे वर सांगितलेला गठ्ठा, ५१२ सॅम्पलचा करा. तो १०.७ मिलिसेकंदांचा होतो आणि गडगडाटाला तेवढा उशीर प्रेक्षकाला कळत नाही. तुमचं बोट कळीवर पडायलाच त्याहून जास्त वेळ लागतो.

मग प्रोग्रॅम उघडा आणि कळ दाबल्यावर फाइल डिस्कवरून वाचली जाते का ते पाहा. माझा पहिला संशय त्यावर आहे. पडदा उघडण्यापूर्वीच सगळे आवाज मेमरीत भरून ठेवा. तीन मिनिटांचा स्टिरिओ तुकडा १६ बिटमध्ये सुमारे ३५ एमबी होतो. एका नाटकाचे सगळे आवाज आजच्या कुठल्याही लॅपटॉपमध्ये मावतात. मिश्रणाचं काम पायथनच्या हाती न ठेवता मिनीऑडिओसारख्या सी मधल्या छोट्या इंजिनाकडे द्या, पायथननं फक्त ‘वाजव’ म्हणावं. प्रयोगाच्या वेळी वायफाय बंद. काही लॅपटॉपमध्ये वायफायचा ड्रायव्हरच प्रोसेसर काही मिलिसेकंद अडवून धरतो. विंडोजवर लेटन्सीमॉन चालवलं की कोण अडवतो ते नावासकट दिसतं. ते तालमीत तासभर चालवून ठेवा. रिकाम्या सभागृहात सगळं नीट चालतं हा पुरावा मानू नका, प्रकाशयोजनेचं सॉफ्टवेअर त्याच लॅपटॉपवर असेल तर तेही चालू ठेवून तपासा.

प्रश्न : मी संगणकशास्त्राची विद्यार्थिनी आहे, सतारही शिकते. संगीताची स्वतःची साधनं करायची इच्छा आहे. एकच काहीतरी शिकायचं तर काय? दहा वर्षांनी ते बंद पडलेलं नको. — एक वाचक, पुणे

उत्तर : टिकण्याचीच काळजी असेल तर सीसाउंड. बॅरी व्हर्को यांनी ते एमआयटीमध्ये १९८६ मध्ये केलं, आणि त्याची मुळं मॅक्स मॅथ्यूज यांनी बेल लॅब्जमध्ये १९५७ ला लिहिलेल्या प्रोग्रॅमपर्यंत जातात. जुन्या रचना पुढच्या आवृत्त्यांत वाजत राहाव्यात, ही काळजी त्याच्या कर्त्यांनी सतत घेतली. फोन, ब्राउझर, रास्पबेरी पाय, सगळीकडे चालतं. सूर हर्ट्झमध्ये हवा तसा देता येतो, म्हणजे तुझा गंधार षड्जाच्या बरोबर सव्वापट ठेवता येईल. पेटीच्या समान स्वरांतरातला गंधार त्याहून सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे पेटीच्या लगतच्या दोन स्वरांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) चढा असतो, आणि सतारीच्या कानाला तो टोचतो.

पण सोबत फाउस्ट पाहून ठेव. लिऑनच्या ग्राम या संस्थेतलं हे काम. त्यात ध्वनीचं गणित लिहायचं आणि ते सी++ किंवा वेबसाठी कोड काढून देतं. तरफेच्या, म्हणजे न छेडता आपोआप झंकारणाऱ्या, तारा घडवायला मी त्यालाच हात घालते. सुरुवात कशी करायची? दोन्हींत एकेक साधा ठोका लिही, मिनिटाला ७० चा, तासाहून किंचित लांब वेव्ह फाइल काढ आणि पहिल्या व ४,२०१ व्या ठोक्यामधलं अंतर सॅम्पलमध्ये मोज. ४८,००० च्या दरानं ४,२०१ व्या ठोक्यापर्यंत बरोबर १७ कोटी २८ लाख सॅम्पल यायला हवेत. येत नसतील तर फरक किती आहे आणि तो कुठून शिरला, हे लिहून मला कळव. पुढच्या अंकात त्यावर बोलू.